शपथेचं दुसरं वाक्य

कालोलाक्कोस, ९ ऑक्टोबर

मनूसोस,

बाबा शपथ का घेत नाहीत? गावात दिवसाला चार जण मला हे विचारतात आणि मला उत्तर देता येत नाही. थेस्सालोनिकीला पाच वर्षं वनशास्त्र शिकून आलेली, घरातली पहिली पदवीधर, हिला ठाऊक नसेल तर कोणाला असेल, असं त्यांना वाटतं. मला ठाऊक नाही. तू थोरला आहेस, तुला ठाऊक असेल तर कळव.

कागदावर लिहिते आहे, कारण तू फोन उचलत नाहीस. तिथला आपला मावसभाऊ सांगतो, तो भांडी धुतोय. दुपारी केला तर भांडी, संध्याकाळी केला तर भांडी. हँबर्गात एवढी भांडी खरकटी करतं कोण?

तू तीस सप्टेंबरला गेलास. त्यानंतरचं सांगते. एफ्तिखिया दामाला, म्हणजे सप्टेंबरच्या एकवीस तारखेला आपल्या घळीत शेळ्यांच्या वाटेवरून खाली गेलेली ती व्होलोसची नर्स, तिचा डावा पाय गुडघ्याखाली कापला. इराक्लिओच्या इस्पितळात जाऊन मी तिला भेटून आले. चोपन्न वर्षांची आहे. ती माझ्यावर ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "पोरी, मी लाल खुणा बघत चालले होते. एकही चुकवली नाही."

तिची बहीण शेजारी बसली होती. ती म्हणाली, "वाटेवर आडवी दगडांची रांग होती. वर काट्याचं झुडूप टाकलेलं. आम्हाला वाटलं मेंढरांसाठी असेल. पलीकडच्या खडकावर लाल खूण दिसत होती, म्हणून ओलांडून गेलो."

आडवी दगडांची रांग आणि वर काटा म्हणजे पुढे पाऊल टाकू नका, हे आपल्याकडे चार वर्षांच्या पोराला कळतं. व्होलोसच्या बाईला ते कोणी सांगायचं? ती रंगाच्या भरवशावर चालली होती आणि पुढे घसाऱ्यावरून बावीस मीटर खाली गेली.

आता बाबांचं. वीस तारखेला संध्याकाळी याकूमिस काका खेचर घेऊन वरून येत होते. त्यांनी बाबांना तिथेच दगड लोटताना पाहिलं. गावाला तेवढं पुरलं. त्यात नगरपालिकेच्या फायलीत चार सप्टेंबरचा पाहणीचा दाखला आहे. नव्या लाल खुणा वरच्या जुन्या फरसबंदी वाटेनेच आहेत, संपूर्ण वाट चालून तपासली, असं त्यात लिहिलंय. खाली शिक्का आहे, सही आहे. म्हणजे चार तारखेला सगळं बरोबर होतं आणि पुढच्या सतरा दिवसांत कोणीतरी खुणा खालच्या वाटेवर वळवल्या. खुणा रंगवायचं कंत्राट तुझं होतं, पण दाखल्यामुळे तू मोकळा झालास. उरला कोण, तर रोज डोंगरात असणारा, फिरायला येणाऱ्यांना शिव्या घालणारा, ज्याची मेंढरं त्या उतारावर चरतात तो म्हातारा.

कॉफीघरात मी बाबांना घ्यायला गेले तेव्हा बोलणं चाललंच होतं.

"सिफिस, तुला माणसं नको होती तर सरळ गोळी घालायचीस पाटीला, आम्ही घालतो तशी," कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. भोकं नसलेली पाटी आपल्या डोंगरात अजून कोणी बघितली नाही.

"रंग फासणं त्याचं काम नाही रे," याकूमिस काका म्हणाले. "त्याला रंगवता येत असतं तर आधी घराचं दार रंगवलं असतं. बायको गारुफालिया वीस वर्षं मागे लागलीय."

"मग दगड कोण लोटत होतं? तूच म्हणालास ना?"

"दगड त्यानेच लोटले. ते मी पाहिलं. रंगाचं मी काही बोललो नाही."

तेव्हा आपले धर्मगुरू पापा स्त्रातिस मध्ये पडले. ते म्हणाले, तीन नोव्हेंबरला वर डोंगरात आय-योर्गिस संताच्या देवळात सण आहे, नव्या दारूची पिंपं उघडायला सगळं गाव जमेलच. सिफिसने तिथल्या मूर्तिचित्रावर हात ठेवून शपथ घ्यावी. घेतली, तर अकरा तारखेला हानियाच्या कोर्टात त्याच्यावरच्या सुनावणीत आम्ही सगळे त्याच्या बाजूने उभे राहू. नाही घेतली, तर ज्याने त्याने काय समजायचं ते समजावं.

बाबांनी आयुष्यात तीनदा तिथे शपथ घेतलीय, तिन्ही वेळा न चोरलेल्या मेंढरांसाठी. चोरलेल्या मेंढरांसाठी बोलावलं तेव्हा ते गेले नाहीत, आणि भरपाई म्हणून चुपचाप दोन कोकरं पाठवून दिली, हेही गावाला पाठ आहे. त्यामुळे सगळ्यांना वाटलं, म्हातारा उठेल आणि हो म्हणेल. बाबांनी पुढ्यातला राकीचा पेला संपवला, आकडी काठी उचलली आणि म्हणाले, "मी शपथ घेणार नाही."

दाराकडे जाताना त्यांना कोणी वाट करून दिली नाही, त्यांना खुर्च्यांच्या मधून अंग चोरून जावं लागलं. तू हे पाहायला हवं होतंस.

सुनावणीत काय होईल ते मला नगरपालिकेतल्या वकिलाने सांगितलं. दंड तर आहेच, वर डोंगरावर चराईचा हक्क काढून घेतील. बाबांचं वय एकाहत्तर. मेंढरं काढून घेतली तर त्यांनी सकाळी उठायचं तरी कशाला?

ये आणि त्यांना समजाव. माझं ते ऐकत नाहीत. म्हणतात, "तू शिकलेली आहेस, तुला कळणार नाही."

आर्गिरो


कालोलाक्कोस, १७ ऑक्टोबर

मनूसोस,

पंधरा तारखेला मी घळीत गेले. पाण्याच्या जुन्या टाक्यापाशी वाट फुटते तिथे. सोबत पातळ चाकू आणि टर्पेंटाइनची बाटली होती.

टाक्यापासून वरच्या वाटेवरच्या पहिल्या खडकावर काही नव्हतं. चुनखडीचा करडा खडक, बाकीच्यांसारखाच. बोट फिरवलं तर एक चकती तेवढी गुळगुळीत लागली. चाकूने खरवडलं. करड्याखाली लाल निघाला. दुसऱ्या खडकावर तेच, तिसऱ्यावर तेच. मी अकरा खडक खरवडले, अकराही खडकांवर करड्याखाली लाल होता.

तो करडा मी ओळखते. तुझ्या खानावळीच्या खिडक्यांना तोच आहे. ऑगस्टमध्ये मीच तुझ्याबरोबर हानियाला येऊन तो निवडला. "कबुतराच्या मानेसारखा हवा," तू म्हणाला होतास. दुकानदाराने चार डबे दाखवले होते आणि तुला एकही पसंत पडत नव्हता.

जुनी वाट वरच्या आळीत चर्चपाशी निघते. शेळ्यांची वाट तुझ्या खानावळीच्या अंगणात निघते, नव्या द्राक्षमांडवाखाली. एवढ्यासाठी?

मी तिथे घसाऱ्याच्या तोंडाशी बसून मोठ्याने तुला शिव्या दिल्या. बाबांच्या सगळ्या, आजोबांच्या सगळ्या, आणि वसतिगृहात शिकलेल्या दोन. वर एक शेळी उभी राहून ऐकत होती. मग खाली आले आणि सरळ पापा स्त्रातिसकडे गेले. मला विचारायचं होतं की शपथेत नेमकं म्हणायचं काय असतं. मी कधी ऐकलेलीच नाही. ते पुरुषांचं काम. आम्ही बायका बाहेर सरूच्या झाडाखाली उभ्या, आत काय झालं ते चेहऱ्यांवरून ओळखायचं. मला आजवर वाटत होतं, "मी केलं नाही" एवढं म्हटलं की झालं.

पापा अंगणात ऑलिव्ह निवडत होते. हात न थांबवता म्हणाले, "दोन वाक्यं आहेत, पोरी. मी हे केलं नाही. आणि कोणी केलं ते मला ठाऊक नाही."

"दोन्ही म्हणावी लागतात?"

"एकच म्हटलं तर गाव विचारणारच ना, दुसरं का गाळलंस?" मग त्यांनी हात थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं. "तुला पहिलं छळतंय की दुसरं?"

मी तशीच मेंढवाड्याकडे निघाले.

बाबा तिथेच होते. कळप खाली न्यायचे दिवस आलेत, ते फाटकाची तार बदलत होते. मी जाऊन समोर उभी राहिले.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"काय?"

"मनूसोसने खुणा फिरवल्या ते."

"तारेचं टोक धर."

मी धरलं. त्यांनी पक्कडीने दोन वेढे दिले.

"अठरा सप्टेंबरला पाहिलं," ते म्हणाले. "त्याच दिवशी खानावळीत जाऊन त्याला सांगितलं, उद्याच्या उद्या पूर्वीसारखं कर. ती वाट शेळीची आहे. शेळीला चार पाय असतात."

"मग तो काय म्हणाला?"

"म्हणाला, बाबा, शनिवारी पहिला मोठा गट यायचाय, चाळीस माणसांचं जेवण सांगितलंय. रविवार होऊ द्या."

"आणि तुम्ही होऊ दिलात?"

"मी दगड लावले," बाबा म्हणाले. "काटा टाकला. मला वाटलं, दगड बघून कोण पुढे जाईल?"

मग त्यांनी माझ्या हातातून टोक काढून घेतलं, कारण तार वाकडी बसत होती.

तुला समजतंय का मी काय लिहितेय? बाबांना पहिलं वाक्य म्हणता येतं. दुसरं म्हणता येत नाही. खोटं ते म्हणणार नाहीत, निदान त्या चित्रासमोर तरी नाही. आणि खरं सांगायचं तर मुलाचं नाव घ्यावं लागेल. म्हणून ते गप्प बसतात आणि गाव त्यांच्याशी असं वागतं, जणू त्यांनी सगळ्यांच्या पानात थुंकलंय. याकूमिस काकांनी काल त्यांचा नमस्कार घेतला नाही. चाळीस वर्षं दोघे एका बाकावर बसतात!

रविवार होऊ द्या म्हणे. तुझ्या त्या गटातल्या दोन बायका जेवायच्या आधीच खाली गेल्या आणि एकच आपल्या पायांनी वर आली.

तू परत ये. विमानाने ये, बोटीने ये, कसाही ये. तीन तारखेच्या आत ये आणि गावासमोर तोंड उघड. नाही आलास तर तू माझा भाऊ नाहीस. हे रागात लिहिलंय असं समजू नकोस. म्हणजे रागात लिहिलंय, पण राग उतरल्यावरही हेच लिहीन.

आर्गिरो


कालोलाक्कोस, २६ ऑक्टोबर

मनूसोस,

तुझं पत्र आलं. पाच ओळी. मी इथे उतरवते, म्हणजे तू काय लिहिलंस ते तुझ्याही डोळ्यांसमोर राहील.

"म्हाताऱ्या मेंढपाळाला कोणी तुरुंगात टाकत नाही. दंड होईल, तो मी भरीन. तू बोललीस तर माझी खानावळ जाईल, आणि तुझी नगरपालिकेतली नोकरीही. चार सप्टेंबरच्या दाखल्यावर सही कोणाची आहे? गप्प राहा."

सही माझी आहे.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, शिक्का आहे, सही आहे. कोणाची ते लिहिलं नाही. तुला ठाऊक असताना तुलाही लिहिताना लपवलं. त्यावरून ओळख, मी स्वतःपासून किती दिवस लपवत होते.

तो दिवस तुला आठवत असेल, तरी मी लिहिते. उन्हाने डोकं फुटत होतं. मी वरून निघून टाक्यापर्यंत आले, चार किलोमीटर, प्रत्येक खूण वहीत टिपत. तू टाक्यापाशी उभा होतास, थंड कलिंगड कापून. राहिलेले अडीच किलोमीटर बघायचे होते.

"पुढे काय बघतेस? तू दूधपिती होतीस तेव्हापासून त्या वाटेने जातेयस," तू म्हणालास.

"लिहायचं आहे संपूर्ण वाट चालून तपासली म्हणून."

"मग लिही. मी रंगवलीय. माझ्यावर विश्वास नाही?"

मग तू ते वाक्य काढलंस. "मी पंधराव्या वर्षी शाळा सोडून मेंढरं राखली, म्हणून आज तू सही करतेयस, आर्गिरो."

हे खरं आहे. हे मी जन्मभर विसरणार नाही. थेस्सालोनिकीत थंडीच्या दिवसांत गादीवर पुस्तक उघडलं की मला तू दिसायचास, पावसात, डोक्यावर पोतं घेऊन. म्हणूनच तुला नाही म्हणणं मला जमलं नाही. कलिंगडाच्या पाण्याने चिकट झालेल्या हाताने मी सही केली. आणि चालले नाही.

तेव्हा टाक्याच्या पुढे तुझा करडा रंग अजून ओला होता की नाही, मला ठाऊक नाही. शंभर पावलं गेले असते तर कळलं असतं. शंभर पावलं, मनूसोस!

आणि आता हा भाग नीट वाच, कारण हा तुला बहुधा सुचलेला नाही. माझ्या त्या सहीमुळे तू सुटलास असं नाही. माझ्या सहीमुळे बाबा अडकले. माझा दाखला नसता तर सगळ्यांनी आधी कंत्राटदाराकडे बोट दाखवलं असतं. मी लिहून दिलं की चार तारखेला वाट बरोबर होती. म्हणजे नंतर कोणी बिघडवली, तर बाबांनी. तू रंग फिरवलास, मी बापाकडे बोट फिरवलं.

मी परत आले ते कशासाठी, आठवतं का? शाळेत सात मुलं उरली होती. मी नगरपालिकेत जाऊन सांगितलं, वाट नीट केली, खुणा नीट केल्या, तर माणसं येतील, मुक्काम करतील, घरं उघडतील. याकूमिस काका म्हणाले होते, "पोरगी दगडांना रंग लावून गाव वाचवणार." मी चिडले होते. तू त्यांना म्हणालास, "काका, तुम्ही चाळीस वर्षं बाकावर बसून किती वाचवलंत?" मला किती बरं वाटलं होतं त्या दिवशी. तो तूच होतास का?

आईला मी काल सांगितलं. सगळं. ती परातीत पीठ मळत होती. मळतच राहिली. मग म्हणाली, "तुझ्या बापाने ठरवलंय ना गप्प राहायचं? मग तू कोण?"

"आई, त्या बाईचा पाय गेलाय."

"तिचा पाय परत येणार आहे का? माझा मुलगा जाईल तो मात्र परत येणार नाही."

"बाबांचं काय?"

"त्यांनी मुलासाठी केलंय. तुझ्याकडून कोणी काही मागितलंय? गप्प बसायला पैसे पडत नाहीत."

मला तिचा रागही येतो आणि तिच्याकडे पाहवतही नाही. तुझा फोटो तिने कोनाड्यातून काढून उशाशी ठेवलाय.

तुला आठ दिवस आहेत. आलास तर आपण दोघं एकत्र जाऊ. मी तुझ्या आधी बोलीन, माझं आधी सांगीन, म्हणजे तुला तुझं सांगायला सोपं जाईल. हे मी ताई असते तर केलं असतं तसं धाकटी असूनही करीन. ये.

आर्गिरो


हानिया, बस-स्थानक, ५ नोव्हेंबर, दुपार

मनूसोस,

तू आला नाहीस. गावची बस दोनला आहे, तोवर लिहिते.

रविवारी आय-योर्गिसला पाऊस नव्हता, गर्दी होती. पिंपं बाहेर मांडली होती, बोकड शिजत होता. प्रार्थना संपली. पापा स्त्रातिस दारात आले आणि म्हणाले, "सिफिस, अजून वेळ आहे." बाबा भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी मान हलवली.

मी सरूखालून निघाले आणि सरळ आत गेले.

"पोरी, हे..." पापा म्हणाले.

"शिकलीय, भाषण करणार," मागून कोणीतरी म्हणालं. दोन-तीनच जण हसले.

मी चित्रावर हात ठेवला. त्याच्यावरचा चांदीचा पत्रा थंड होता. पाठ केलेलं सगळं डोक्यातून गेलं, एवढंच राहिलं: "वाट मी फिरवली नाही. कोणी फिरवली ते मला ठाऊक आहे. माझ्या भावाने फिरवली, मनूसोसने. आणि वाट चालून तपासली असं मी लिहून दिलं. मी चालले नव्हते. माझ्या बापाने दगड लावले ते माणसं वाचावीत म्हणून."

दारातून बाहेर पाहिलं तर आई पाठ फिरवून रस्त्याने निघालेली दिसली. तिने ओढणी डोक्यावरून पुढे ओढली होती. ती माझ्याशी अजून बोललेली नाही. मावशीला म्हणाली, "एका मुलाला जर्मनीने नेलं, मुलीला शिक्षणाने."

याकूमिस काका बाबांजवळ गेले. मग म्हणाले, "मी तुझा नमस्कार घेतला नाही."

"नाही घेतलास," बाबा म्हणाले.

"दे आता."

"आता नाही देत. उद्या बाकावर ये, बघू."

माझ्याकडे बाबांनी परत येताना, टाक्यापर्यंत पोचेस्तोवर पाहिलं नाही. मला वाटलं, तेही बोलणार नाहीत. टाक्यापाशी थांबले, काठीचं टोक दगडावर आपटलं. म्हणाले, "मी त्याला वाचवत होतो." मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "तू मला वाचवलंस. मला ते आवडलं नाही." चालायला लागल्यावर म्हणाले, "उद्या चाकू आणशील तेव्हा दोन आण."

सोमवारी आम्ही दोघं निघालो. शेळ्यांच्या वाटेवरच्या तुझ्या लाल खुणा खरवडल्या, सगळ्या. एकोणीस होत्या. त्यांचे हात माझ्याहून भराभर चालतात. मग वरच्या वाटेवरचा तुझा करडा काढला. खालचा लाल चांगला आहे, फिका पडलेला नाही. काम तू चांगलं केलं होतंस रे. तेच मला सहन होत नाही. टाक्यापाशी शेळ्यांच्या वाटेच्या तोंडावर बाबांनी पुन्हा दगडांची रांग लावली आणि मी तिच्यावर पांढऱ्या रंगाने फुली मारली. "आता दोन्ही भाषांत लिहिलं," ते म्हणाले. मग ते मेंढरांकडे गेले आणि मी एकटी निघाले, वाटेच्या वरच्या तोंडापासून टाक्यापर्यंत, टाक्यापासून चर्चपर्यंत, मोजणीचं चाक घेऊन. प्रत्येक खुणेपाशी थांबले. सहा किलोमीटर चारशे ऐंशी मीटर भरली.

आज सकाळी सरकारी वकिलाच्या कार्यालयात गेले. कारकून तरुण होता, घाईत. मी सांगत गेले, तो टंकत गेला. तुझं नाव, खानावळीचं नाव, रंगाचा डबा, अठरा तारीख, रविवार होऊ द्या. माझं नाव, कलिंगड, टाकं. चार पानं झाली. त्याने शेवटचं पान पुढे सरकवलं आणि म्हणाला, "इथे सही."

"आधी वाचते."

"तुम्हीच तर सांगितलंय सगळं."

"तरी वाचते."

मी चारही पानं वाचली. एका जागी त्याने टाक्याऐवजी विहीर लिहिलं होतं, ते दुरुस्त करून घेतलं. तो सुस्कारे सोडत होता. मी विचारलं, नोकरीचं काय होईल? तो म्हणाला, ते नगरपालिकेला विचारा, पण मी तुमच्या जागी असतो तर टेबल आवरायला घेतलं असतं. मी टेबल आधीच आवरलंय.

एक प्रत एफ्तिखियाबाईंना व्होलोसला पाठवली आहे. दुसरी या पाकिटात आहे, तुझ्यासाठी. तुला बोलावणं येईल, जर्मनीतल्या पत्त्यावर, बहुधा महिनाभरात. आलास तर घरी उतर. आई दार उघडेल. मीही उघडीन.

गप्प राहा, असं तू लिहिलं होतंस. उत्तर द्यायला उशीर झाला. काल वाट सगळी चालले. आज सही केली.

आर्गिरो